धूर नसलेली शेगडी

वहिनींना बसून चहा पिताना कुणी पाहिलं नव्हतं. कप हातात घेऊन दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालायच्या. मधेच एखादा पत्रा उजेडात धरायच्या, एखाद्या झाकणाची कड बोटाने चाचपायच्या, आणि चहा निवला की कप तसाच ऐरणीवर ठेवून कामाला लागायच्या. मग हातोडीचा धक्का लागून कप फुटायचा. "हिने जितके कप फोडले तितक्या बादल्या मी जन्मात बनवल्या नसतील," असं त्यांचे यजमान गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि सांगतानाही त्यांचा हात थांबायचा नाही. ठक, ठक, ठक.

यजमानांचं पत्र्याचं काम होतं. बादल्या, नरसाळी, पन्हळी, धान्याच्या कोठ्या. माणूस भारी शांत. वहिनी म्हणायच्या, "ह्यांच्या डोक्यावर झाकण बसवलं तर गिऱ्हाईक कोठी समजून घेऊन जाईल." सबंध गल्ली त्यांना वहिनीच म्हणे. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी कातर हातात घेतली, पत्रा कापायला शिकल्या, आणि तेव्हापासून यजमानांनी केलेली एकही वस्तू त्यांच्या तोंडून 'बरी आहे' एवढं ऐकून दुकानाबाहेर पडली नाही. काहीतरी खोट निघायचीच.

गॅसची सिलिंडरं वेळेवर येईनात, तशी लोक शेगड्या मागायला लागले. यजमानांनी आपल्या परीने सरळ हिशेब केला: रंगाचा रिकामा डबा, खाली भोकं, वर कडी, झाली शेगडी. वहिनींनी ती पेटवून पाहिली आणि नाक मुरडलं.

"अहो, ही शेगडी आहे की हमाम? निम्मी धग बाजूने उडून जातेय. स्वयंपाक भांड्याचा करायचाय, माझ्या पायांचा नाही."

"मग काय करू?"

"ते मला काय विचारता, ह्या शेगडीलाच विचारू."

मग त्यांची झोपमोड सुरू झाली. मोठ्या डब्यात लहान डबा बसवला, मधल्या फटीत चाळलेली राख ठासून भरली, म्हणजे धग आतच राहील. निखाऱ्यांखाली जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, आणि त्या जागेला एक छोटं सरकतं दार. दार उघडलं की वारा खालून शिरतो आणि निखारा फुलतो. निम्मं लोटलं की मंद जळतो आणि कोळसा पुरतो. भांडं जाळावर बसून आग गुदमरू नये म्हणून काठावर तीन खुंट्या, भांडं बोटभर वर राहील इतक्या. दर सुधारणेनंतर तीच किटली, तितकंच पाणी, आणि समोर वहिनी उभ्या. पाणी उकळलं की यजमानांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे, आणि वहिनी म्हणत, "अजून लवकर उकळायला हवं होतं. खोला."

यजमान मुकाट्याने खोलत. त्यांची स्वतःची भर एकच, कडी. दुहेरी तार दोरीसारखी पिळून ते अशी मूठ करत की शेगडी तापली तरी हात पोळू नये. तसा पीळ दुसऱ्या कुणाला जमत नसे.

शेगड्या हातोहात जाऊ लागल्या. वहिनी स्वतः गिऱ्हाईक करायच्या, आणि त्यांची जीभ पायांपेक्षा तेज. "लाकूड जाळणार असाल तर वाळलेलं घ्या, अंगठ्याएवढ्या ढलप्या करा, आणि बाहेर जाळा. कोळसा असेल तर खुशाल खोलीत घ्या. धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत, भिंत काळी होत नाही." हे सांगताना त्यांना आपण काही वावगं बोलतोय असं स्वप्नातही वाटलं नाही. धूर असतो तिथे त्रास, धूर नाही तिथे त्रास नाही, इतकं साधं होतं ते. त्यांच्या दुकानाला तीनच भिंती होत्या, समोरून सगळं सताड उघडं. तिथे दिवसभर कोळसा फुलत असे आणि कुणाला साधी शिंकही येत नसे.

थंडी पडली त्या आठवड्यात, एका सकाळी दूधवाली बाई दुकानासमोर थांबली. बरणी खाली ठेवायलाही ती थांबली नाही, म्हणजे बातमी मोठी होती.

"कळलं का वहिनी? बाजारामागच्या गल्लीतला शिंपी, त्याची बायको, म्हातारी आई, तिघांना उचलून दवाखान्यात नेलंय. शेजाऱ्यांनी दार फोडलं. खोलीत शेगडी होती म्हणे."

"आग लागली?"

"कसली आग! एक चिंधी जळलेली नाही. माणसंच तेवढी निपचित पडलेली."

वहिनींच्या हातातली कातर खाली पडली. यजमानांची ठकठक थांबली, आणि ती थांबली म्हणून शेजारचा सायकलवाला डोकावून गेला.

"कुणाची शेगडी?" वहिनींनी विचारलं.

"आता ते मी कसं बघणार?"

"गावात काय आपल्याच शेगड्या आहेत का?" यजमान हळूच म्हणाले. पण तोवर वहिनी चपला शोधत होत्या, आणि एक सापडली नाही म्हणून यजमानांच्या घालून निघाल्यासुद्धा.

बाजारामागच्या गल्लीत शिंप्याच्या दारासमोर माणसं घोळक्याने उभी होती. दाराची एक फळी निखळून लोंबत होती. वहिनी खांदे घुसवत पुढे गेल्या. आत शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेलं लहान मुलाचं झबलं, खाटेवर विस्कटलेली पांघरुणं. खोलीच्या मधोमध, विटांवर नीट ठेवलेली शेगडी. विटांवर ठेवा, जमीन तापत नाही, हे वहिनींनीच सांगितलं होतं. त्यांनी कडीकडे पाहिलं. तारेला दोरीसारखा पीळ होता.



दवाखान्यात त्यांना कुणी आत सोडेना. नातं काय, असं दारातच विचारलं. शेवटी त्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिल्या, इतक्या, की एक सिस्टर वैतागून बाहेर आली.

"बाई, तुम्ही एक तर बसा, नाहीतर जा."

"ती माणसं... शिंपी... बरी आहेत?"

"नवरा-बायको शुद्धीवर आलेत. म्हातारीचं काही सांगता येत नाही. तुम्ही कोण?"

"मी ती शेगडी विकली."

सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं. रागावली नाही, त्यांना बाकावर बसवलं आणि स्वतःही टेकली. कोळसा जळतो तेव्हा एक वायू निघतो, ती म्हणाली. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. मोकळ्यावर तो उडून जातो. बंद खोलीत साठतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते. माणसाला वाटतं छान उबेत झोप लागतेय. आणि मग उठताच येत नाही.

"पण धूर नव्हता," वहिनी म्हणाल्या.

"धूर असता तर बरं झालं असतं. खोकून जागे तरी झाले असते."

ते ऐकताना वहिनींना गेल्या पावसाळ्यातला एक दिवस आठवला. सरी आत येत होत्या म्हणून त्यांनी दुकानासमोर ताडपत्री सोडली होती आणि शेगडी आतच फुलवत ठेवली होती. दोघांचंही डोकं ठणकलं. त्यांनी डब्यांना लागलेल्या रंगाच्या वासाला शिव्या घातल्या आणि कंटाळून ताडपत्री वर केली. ती वर केली नसती तर? ह्या विचाराने त्या उठल्या त्या पुन्हा बसल्याच नाहीत.

दुपारी म्हातारी गेली.

घरी येऊन त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान ऐकत राहिले. मग म्हणाले, "आपल्याला ठाऊक नव्हतं. जाणूनबुजून केलं का तू?"

"नव्हतं ठाऊक, तर बोलले कशाला? मी काय म्हणायचे? खुशाल खोलीत घ्या! खुशाल!" तो शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला की यजमानांनी हात वर केला. "अहो, मी हे किती जणांना सांगितलंय! आज पुन्हा थंडी पडणार. पुन्हा लोक दारं लावून बसणार."

"मग?"

"मग काय, निघते."

"कुठे?"

"सगळीकडे."

त्यांना गिऱ्हाइकांची नावं आठवत नसत, माणसं आठवत. नाकावर चामखीळ असलेला न्हावी. शेगडी घेताना सतत शिंकणारे पेन्शनर मास्तर. हळद अजून न उतरलेलं नवं जोडपं, ज्यांनी शेगडी दोघांनी मिळून, एका कडीला दोन हात लावून नेली होती. वहिनी विचारत विचारत, अंधार पडायच्या आत एकेक दार गाठू लागल्या.

न्हाव्याच्या घरी त्यांना शेगडी दारातच दिसली आणि हायसं वाटलं. पण ओली फांदी अख्खीच्या अख्खी आत कोंबलेली, आणि धुराने न्हावीणबाईंचे डोळे लाल. "वहिनी, तुमची शेगडी मेली धुरातच जन्मलीय," त्या म्हणाल्या. वहिनींनी फांदी ओढून काढली, वाळक्या ढलप्या शोधल्या, आडव्यातिडव्या रचल्या, शेगडीचं दार वाऱ्याच्या दिशेला फिरवलं, आणि ज्योत सरळ उभी राहिली. "टोकंच जळू द्या, मग हळूहळू पुढे सरकवा. पोटात एकदम सगळं घातलं की शेगडीलाही अपचन होतं." मग एकदम आवाज बदलून म्हणाल्या, "आणि काही झालं तरी हिला आत घेऊ नका. कोळसा असला तरी नाही. मी मागे सांगितलं होतं ते चूक होतं."

"म्हणजे शिंप्याची..."

"हो. ती माझीच."

हे शब्द त्यांना पहिल्या दारात जड गेले. दुसऱ्या दारात आणखी जड.

मास्तरांकडे दार बंद होतं. वहिनींनी कडी वाजवली नाही, धडका मारल्या. मास्तरांनी दार उघडलं तेव्हा आतून उबेचा लोट आला. गुडघे शेकायला म्हणून त्यांनी शेगडी चक्क खाटेखाली सरकवली होती. वर गादी, गादीची एक दशी खाली लोंबत होती.

"मास्तर! आधी बाहेर या!"

"अहो बाई, पाहुणं म्हणून यायची ही काय रीत?"

"डोकं दुखतंय का?"

"माझं डोकं नोकरीत असल्यापासून दुखतंय."

वहिनींनी पदर खोचला, शेगडी कडीला धरून थेट अंगणात नेली आणि दोन्ही खिडक्या उघडल्या. मास्तर थंडीने कुडकुडत, संतापाने थरथरत ओट्यावर बसले. "शेगडी विकणारीच शेगडी उचलून नेते! उद्या औषधवाला येऊन गोळ्या काढून नेईल." पण थोडा वेळ मोकळ्या हवेत बसल्यावर त्यांनी कपाळ चोळलं आणि ते म्हणाले, "हलकं वाटतंय खरं." वहिनींनी त्यांना रबरी पिशवीत गरम पाणी भरून दिलं. पाणी शेगडीवरच तापवलं, पण अंगणात.

नव्या जोडप्याकडे तर त्या पोचल्या तेव्हा नवरा विझत आलेल्या निखाऱ्यांवर रॉकेलची बाटली तिरकी करायच्या बेतात होता. वहिनी इतक्या मोठ्याने ओरडल्या की त्याच्या हातून बाटलीच सुटली, नशीब, दुसऱ्या बाजूला. "अरे बाबा, भुवया नकोशा झाल्यात का?" बायको हसू दाबत होती. "वारा घाल, ढलपी टाक, धीर धर. रॉकेल विसर." धीर धर हे आपल्या तोंडून ऐकून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

असे बरेच दिवस गेले. दुकान यजमानांवर सोपवून त्या हिंडत. कुणी ऐकून घेई. कुणी म्हणे, खप वाढवायला काहीतरी नवं काढलं असेल. एका घरच्या मोठ्या सुनेने दारातूनच सुनावलं, "म्हातारीला मारलंत, आता आमची चौकशी?" वहिनी तिथेही सगळं सांगूनच परतल्या. जेवण धड जाईना. पानावर बसल्या की कुठलं तरी विसरलेलं गिऱ्हाईक आठवे आणि त्या हात धुऊन उठत. यजमान त्यांचं ताट झाकून ठेवत.

शिंप्याच्या दारी मात्र त्यांचं पाऊल पडत नव्हतं. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन त्या परत फिरत. शेवटी एके दिवशी, विचार करायला वेळच मिळू नये म्हणून, जवळजवळ पळतच गेल्या.

दार दुरुस्त झालं होतं. शिंपी कापड आणायला गेलेला. त्याची बायको उंबऱ्यात बसून काज शिवत होती.

"मी शेगडीवाली."

"ओळखते. तुमच्याकडूनच घेतली."

"मी म्हणाले होते, खोलीत चालेल म्हणून."

"हो. म्हणाला होतात." तिने दोरा दाताने तोडला. "सासूबाईंना थंडी सोसायची नाही. त्याच म्हणाल्या, दाराखालून वारा येतोय, फट बुजव. मी जुन्या कापडाचा बोळा घातला. ह्यांनी निजण्याआधी आणखी कोळसा टाकला. तुमचं बोलणं, माझा बोळा, ह्यांचा कोळसा. कुणाचं किती धरायचं?"

वहिनींना रडू येत होतं, पण इथे आपण रडणं बरं दिसणार नाही म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मी आता घरोघर जाऊन सांगतेय," त्या म्हणाल्या.

"सांगा. सांगायलाच हवं." बाईने मान वर केली नाही. "पण इथे पुन्हा येऊ नका. तुम्ही चांगल्या असाल. तुम्हाला पाहिलं की मला ती सकाळ दिसते."

वहिनी परत फिरल्या. तिने शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं, असं त्या नंतर यजमानांना म्हणाल्या. यजमान म्हणाले, "तिला सोपं जाईल ते कर." त्यानंतर बाजारात जायचं असलं तरी वहिनी लांबचा रस्ता धरू लागल्या.

आता एकच गिऱ्हाईक उरलं होतं आणि तेच सापडत नव्हतं. एका पायाने लंगडत चालणारी, पोटुशी बाई. शेगडी डोक्यावर घेऊन कुंभारवाड्याकडे गेली, एवढंच आठवत होतं. तिचे दिवस भरत आले असतील, कदाचित बाळही झालं असेल, आणि बाळ म्हटलं की ऊब, ऊब म्हटलं की बंद खोली. ह्या विचाराने वहिनी कासावीस होत. कुंभारवाड्यात विचारलं, धोब्याकडे विचारलं, पाण्याच्या नळावर विचारलं. "लंगडणारी? ती तर खोली सोडून गेली." कुठे? कुणी म्हणे गिरणीमागे, कुणी म्हणे माहेरी. गिरणीमागे दोन हेलपाटे झाले. एकदा तर त्यांनी भलत्याच लंगडणाऱ्या बाईला गाठून तिच्या घराची खिडकी उघडायला लावली.

अखेर एका संध्याकाळी गिरणीच्या मागच्या चाळीत, जिन्याच्या पायरीवर त्यांना आपली कडी दिसली. तोच पीळ. शेगडीत माती भरलेली होती आणि मातीत कोरफड.

 तेवढ्यात ती बाई लंगडत बाहेर आली, कडेवर बाळ. गुटगुटीत, टोपडं एका कानावर आलेलं.

"अगं बाई, शेगडीवाल्या वहिनी ना तुम्ही?"

"ही... ही कोरफड?"

"रागावू नका हं. पेटतच नव्हती मेली. चार दिवस फुंकून फुंकून माझा जीव गेला. हे म्हणाले, टाकून दे. मी म्हटलं, टाकायची कशाला, झाड तरी लावू."

इतके दिवस ज्या शेगडीसाठी आपला जीव टांगणीला लागला, तिच्यात कोरफड वाढत होती! वहिनींना हसू फुटलं, ते थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. बाळ टकामका बघत राहिलं. मग हसू ओसरलं आणि त्यांच्यातली कारागीर जागी झाली.

"पेटत नव्हती म्हणजे? माझी शेगडी पेटत नव्हती? कुठे ठेवत होतीस?"

"ह्या कोपऱ्यात. भिंतीला लावून."

"आणि हे दार?"

"ते भिंतीकडे होतं. भोक दिसायला वाईट दिसतं."

वहिनींनी कपाळावर हात मारला. कोरफड मुळासकट उचलून एका फुटक्या घागरीत लावली, शेगडी झटकली, दाराचा गंज घासला, जाळी ठोकून सरळ केली. अंगणात, भिंतीपासून हातभर लांब, विटांवर ठेवून पेटवली. भाताचं भांडं चढवलं, झाकण घातलं, फुलून उकळी आल्यावर दार निम्मं लोटलं. आणि बोलता बोलता, बाळाला मांडीवर घेऊन, सगळं सांगितलं: शिंप्याचं, म्हातारीचं, स्वतःचं. त्या बाईने ऐकता ऐकता बाळ हळूच आपल्याकडे घेतलं.

"मी आत ठेवली असती," ती म्हणाली. "पेटली असती तर आतच ठेवली असती."

भात झाला. निखारे उरले होते ते वहिनींनी चिमट्याने उचलून पाण्यात बुडवले, चर्र वाजले. "वाळवून पुन्हा वापर. आणि झोपायच्या आधी राखेवर हात धरून बघ. गार लागली तरच शेगडी आत आण." आग्रह झाला, पण त्या जेवायला थांबल्या नाहीत.

त्या वर्षी शेगड्यांचा खप पडला. वहिनी आता प्रत्येक शेगडी रस्त्यावर पेटवून दाखवत आणि मग विचारत, "कुठे ठेवणार?" उत्तर पटलं नाही तर विकत नसत. लोक चिडत.  एक दिवस वहिनी बाहेरून आल्या तेव्हा तयार शेगड्यांच्या दारांवर त्यांना खिळ्याने ठोकलेली अक्षरं दिसली. जरा वाकडी, पण खोल: बंद खोलीत नको. यजमान पुढच्या दारावर 'ब' काढत होते. त्यांना वाचता फारसं येत नव्हतं; अक्षरं मास्तरांकडून खडूने काढून आणली होती.

"'ब' उलटा झालाय," वहिनी म्हणाल्या.

"खोलू?"

"राहू द्या. बरा आहे."

थंडी पुन्हा आली, तशी वहिनींची पायपीटही. दिवेलागणीला त्या गल्ल्यांतून फिरत, दिसेल त्या बंद खिडकीवर टकटक करत. पोरांनी त्यांची नक्कल सुरू केली. मोठी माणसं कुरकुरत, पण खिडकी ढकलत. काही घरांत तर त्यांच्या यजमानांच्या मोठ्या चपलांचा फटाक फटाक आवाज लांबून आला की आतूनच कुणीतरी हाक देई, "उघडी आहे हो, वहिनी! पुढच्या घरी जा!" आणि वहिनी पुढच्या घरी जात.